शेवटचा जोड

नगरपालिकेनं मला एक चाक दिलंय.
लांब दांडा, मुठीपाशी आकड्यांची डबी,
दर मीटरला ते 'टक' म्हणतं.
बाकी काही म्हणत नाही. माझ्यासारखंच.

नियम असा, की शाळेपासून, प्रार्थनास्थळापासून
पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही.
दारापासून दारापर्यंत मोजायचं,
माणूस चालेल त्या वाटेनं.
कुठला माणूस, आणि जाताना की येताना,
ते लिहिलेलं नाही.

माभेलेचं दुकान एमथोंजेनीच्या टोकाच्या गल्लीत.
हिरवा पत्रा, जाळीची खिडकी, बसायला पालथे क्रेट.
अर्जावर तिनं स्वतःचं वय लिहिलंय एकसष्ट,
धंद्याचं अडतीस.
अडतीस वर्षं चोरून, आता राजरोस व्हायचंय तिला.
"पोलिसांना फुकट पाजून कंटाळले," म्हणाली,
"आता सरकारला पैसे भरून बघते."

आधी शाळा.
फाटकापासून निघालो नाकासमोर :
पाचशे एकतीस. ठीक.
मागून एक पोरगं ओरडलं, "मामा, आम्ही तिकडून जातो!"
आणि कुंपणाच्या भोकातून दप्तरासकट नाहीसं झालं.
भोकापासून तीनशेसुद्धा भरलं नसतं.
पण भोकाला नियमात नाव नाही.
मी चाक फिरवलं,
तोंडही.

मग चर्च.
चर्च म्हणजे निलगिरीचं एक झाड
आणि भोवती चुना फासलेले दगड, गोल मांडलेले.
भिंत नाही. कुलूप लावावं असं काही नाही.
रविवारी निळ्यापांढऱ्या झग्यांतले लोक येतात,
ढोल वाजतो, गोल गोल नाचून माती कडक झालीय.
माझ्या कागदावर रकाना : प्रवेशद्वार.
बिशप म्नक्वातींना विचारलं, दार कुठं तुमचं?
आठवडाभर गवंडीकाम करतात ते,
दुसऱ्यांच्या चौकटी बसवतात.
बराच वेळ झाडाकडे बघत राहिले.
"जिथं बूट काढतात," म्हणाले, "तिथं."

म्हणून रविवारी आलो.
बुटांची रांग दगडांपासून रस्त्याकडे निघालेली.
आधी आलेल्यांचे आत, मागाहून आलेल्यांचे मागं.
रबरी, पॉलिश केलेले, खाणीतून परतलेल्या कुणाचे
लोखंडी नाकाचे,
एका पोराचे दोन पायांत दोन वेगळे.
"आणि ईस्टरला?"
"ईस्टरला डांबरी रस्त्यापर्यंत जातात."

म्हणजे देवाकडे माणसं वाढली
की अंतर घटतं.
हे साहेबांना कुठल्या रकान्यात कळवू?

पहिल्या जोडापासून दुकानाच्या दारापर्यंत : पाचशे चौदा.
शेवटच्या जोडापासून : चारशे शहाण्णव.

शेवटचा जोड तपकिरी, टाचा आतून झिजलेल्या,
उजव्यावर फेसाचा वाळलेला डाग.
ओळखायला चाक लागलं नाही.
शनिवारी मध्यरात्रीनंतर दुकान बंद होतं तिचं,
क्रेट आत घेऊन, उलट्या धुऊन,
ती सगळ्यांच्या शेवटी पोचते.
आता झाडाखाली डोळे मिटून गात होती,
घशात चाळीस माणसांचा आवाज.

चार मीटर.
पायानं हळूच सारले असते
तर कुणी बघितलं नसतं.
निदान गाणाऱ्यांपैकी कुणी नाही.
मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं,
तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आली,
प्लास्टिकच्या चपला माभेलेच्या बुटांमागं भिरकावल्या
आणि आत पळाली.
चारशे पंच्याण्णव.

दुपारी सगळे बाहेर आले.
रांग विरत गेली, पुढच्या टोकाकडून, मागच्या टोकाकडून,
दार कुठंच उरलं नाही.
माभेले बुटांपाशी येऊन थांबली.
"किती भरलं?"
"मोजतोय अजून."
"मग घालू का नको?"

मी काही बोललो नाही.
उजवा बूट चढवताना तोल सावरायला
तिनं माझ्या चाकाचा दांडा धरला.
चाक जरासं मागं सरकलं,
टक.